मुकादमांची हिरवळ

भिकाजी मुकादम माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते ओरडूनच. "बाई, मागं व्हा!" मी उचललेला पाय तसाच अधांतरी धरून उभी राहिले. कमरेवर भरलेली कळशी, वर जूनचं ढगाळ आभाळ, आणि पायाखाली नक्की साप असणार अशी माझी खात्री. साप नव्हता. नुसतं गवत होतं. बोटभर उंचीचं, दाट, घोंगडीसारखं पसरलेलं.

"चपला काढा आधी. नायतर कडेनं जा. वाट नाय ती."

"मग काय आहे?"

"लान हाय."

मी घाटावरची. मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच रत्नागिरीला आले होते आणि मुकादमांच्या शेजारच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. विहीर दोन्ही घरांत मिळून एक, ती मुकादमांच्या परसात, आणि तिकडे जायची जवळची वाट त्या गवतावरूनच. मी तोंडाची फटकळ आहे हे माझ्या आईपासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. मी म्हटलं, "गवत काय, सगळ्या रत्नागिरीत आहे. माणसं चालतात, गुरं चालतात. तुमचंच तेवढं सोन्याचं का?"

ते खाली बसले आणि जिथे माझा एक पाय पडला होता तिथलं गवत हाताने उलटं कुरवाळून उभं करू लागले. म्हाताऱ्याला वेड लागलंय असं मनाशी म्हणत मी कडेकडेने घरी गेले.

मुकादम हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा. जन्मभर ते सडकेच्या कामावर टोळीचे मुकादम होते. खडी फोडून घ्यायची, पसरायची, रोलर फिरवायचा, डांबर ओतायचं. अंगाने काटकुळे, रंगाने काळेभोर, खाकी अर्धी विजार, डोक्याला पंचा आणि पाय कायम उघडे. डांबराच्या कामाने त्यांचे तळवे असे झाले होते की भर वैशाखात तापलेल्या कातळावर उभे राहून ते निवांत विडी ओढत. चालताना मान सदा खाली. समोरून बैलगाडी आली तरी ते आधी चाकाखालची सडक बघत, मग बैल, मग गाडीवान.

"खालचा बघा आधी," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. नवीन घर दाखवायला कुणी नेलं तर सगळे कौलं, खिडक्या, नक्षी बघत. मुकादम जोत्यापाशी उकिडवे बसत. माझं छप्पर गळतं म्हणून मी त्यांना बोलावलं, तर ते आत येऊन पहिली पाच मिनिटं जमीनच बघत होते. मला एकदा म्हणाले, "पोरींच्या पाट्या बघून काय कळतंय? पाय बघा. पायावर सगळा दिसतो." मी एक दिवस वर्गात खरंच मुलींचे पाय बघत बसले. काहीही दिसलं नाही. मुली मात्र घाबरल्या.

गवताशी त्यांचं हाडवैर होतं हे त्यांनीच मला सांगितलं. सडकेचे दोन शत्रू, पाणी आणि गवत. डांबराच्या फटीत एक कोंब आला की पुढच्या पावसाळ्यात तिथे खड्डा. असा जन्मभर गवत मारलेला माणूस म्हातारपणी परसात गवत का वाढवतो, हे मला काशीवयनींना पाहिल्यावर कळलं.

काशीवयनी म्हणजे मुकादमांची बायको. दीडेक वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत टाकावा लागे, आणि बोलणं असं सैल झालं होतं की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवत असे. सवय झाल्यावर लक्षात आलं की बाई भारी गमतीदार आहे. माझ्या घाटावरच्या बोलण्याची ती तशाच सैल जिभेने हुबेहूब नक्कल करी. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: रोज चाला. चालत राहिलात तर पाय चालेल, थांबलात तर आखडेल, आणि एकदा आखडला की माझ्याकडे त्याच्यावर औषध नाही. पण चालायचं कुठे? घरात दोन अंधाऱ्या खोल्या आणि मध्ये हातभर उंच उंबरठा. बाहेर पडावं तर सगळा जांभ्याचा कातळ, खरखरीत, खाचखळग्यांचा. तरी वयनी चालल्या, आणि तिसऱ्याच दिवशी तोंडावर पडल्या. हनुवटी फुटली, दोन दात गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांचं धैर्य गेलं. मुकादमांनी हाताला धरून दाराबाहेर आणलं की त्यांचं सगळं अंग थरथरू लागे आणि त्या मटकन उंबऱ्यावर बसत. मुकादमांनी त्यांना गाडीत घालून समुद्रावरही नेलं. वयनी केळशीच्या, वाळूत वाढलेल्या. पण वाळूत पाय रुते तो दुबळ्या पायाला उपसता येईना.

मग त्यांना बड्या इंजिनेरसाहेबांच्या बंगल्यातली हिरवळ आठवली. माळी ओळखीचा. साहेब दौऱ्यावर गेल्याचं बघून मुकादम एका दुपारी बायकोला तिथे घेऊन गेले आणि गवतावर उभी केली. हा प्रसंग मला वयनींनीच सांगितला, निदान दहा वेळा.

"पाय ठेवला नि मला हसूच आला," त्या म्हणायच्या. "पडले तर पडले, असा वाटला. म्हणून चालले. आणि पडले पण! पडून हसत बसले. माळी म्हणतो, उठा उठा, साहेबाची लान हाय. ह्ये म्हणतात, बसू दे तिला. मी करतो माझी लान."

आणि केली. कातळावर माती नसते, ती आणावी लागते. मुकादमांनी ती आपल्या गावाहून आणली, नदीकाठच्या स्वतःच्या भातशेतातली. बैलगाड्यांनी उन्हाळाभर माती येत होती म्हणे. शेजाऱ्यांनी सांगितलं की इथल्याच एखाद्या वाडीतली घ्या, जवळ पडेल. मुकादम म्हणाले, परक्याच्या मातीवर माझी बायको चालायची नाय. त्या मातीत पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी हरळीच्या काड्या एकेक करून लावल्या. हरळी म्हणजे आपली दूर्वाच, धरली की जमिनीला चिकटून पसरते. मी रत्नागिरीला आले तेव्हा त्या हिरवळीचं एक वर्ष पुरं झालं होतं आणि वयनी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मुकादम पलीकडच्या कडेला उकिडवे बसून त्यांच्या पावलांकडे बघत. वयनी टोकाला पोचल्या की ते उठून या टोकाला येऊन बसत, की वयनी पुन्हा निघत.

हे एकदा पाहिल्यावर मी चपला काढूनसुद्धा त्या गवतावरून कधी गेले नाही.

भाद्रपदात गणपती आले. शेजारपाजारची मुलं दूर्वा मागायला मुकादमांच्या दारात उभी राहिली, आणि मुकादमांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. देवाला नाही म्हणणारा माणूस तेवढ्या आळीत तो एकच. शेवटी वयनींनी डाव्या हाताने एक जुडी खुडली आणि माझ्या घरमालकांच्या गणपतीसाठी माझ्या हाती दिली. पूजा चालू होती. भटजींनी जुडी सोडली, मंत्र म्हणत एक एक दूर्वा वाहू लागले आणि मध्येच थांबले. दोन काड्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या. मग आणखी एक.

"बाई, हे काय आणलंत? ही दूर्वा नव्हे. हा लव्हाळा आहे."

मला सगळं सारखंच दिसत होतं. त्यांनी काडी माझ्या हातात दिली आणि बोटांत फिरवून बघायला सांगितली. दूर्वेची काडी गोल असते. ही फिरवताना बोटांना धारा लागत होत्या, तीन. पान जरा फिकं, मेणकट, चकचकीत. "देवाला चालत नाही," भटजी म्हणाले आणि पुढच्या मंत्राला लागले.

मी ते हसत हसत मुकादमांना सांगायला गेले. तुमच्या सोन्याच्या गवतात पितळ निघालं, असं काहीतरी बोलायचं मनात होतं. त्यांनी काडी घेतली, बोटांत फिरवली आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझं वाक्य तोंडातच राहिलं. ते हिरवळीच्या कडेला गेले, पालथे पडले आणि गाल जमिनीला लावून गवताच्या शेंड्यांवरून नजर टाकली. तिथून बघितलं की कळत होतं. हरळी खाली दबलेली, आणि तिच्यातून जागोजाग ते फिके कोंब दोन-दोन बोटं वर आलेले. एक ओळखला की दहा दिसत, दहा ओळखले की जिकडेतिकडे तेच.

त्यांनी बोटाने माती उकरली. कोंबाखाली एक काळी गाठ होती, गुंजेहून जरा मोठी. त्या गाठीतून एक बारीक धागा निघून पुढे गेला होता. त्यांनी तो ओढला आणि तो कट्कन तुटला.

"माझ्या शेतातला," ते म्हणाले. "बापसाच्या शेतातला. दर साली उपटायचो आमी. मातीसंगं मीच आणला ह्याला."

जन्मभर दुसऱ्यांना खालचं बघायला सांगणाऱ्या माणसाने आपली माती गाडीत भरताना तिच्यात बघितलं नव्हतं. आपल्या घरची माती कोण तपासतो? वयनी उंबऱ्यावरून म्हणाल्या, "माझ्या गरीब सासऱ्याचा गाव माझ्यापाठी आला, चला." मुकादम हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून उपटणं सुरू झालं. सकाळी वयनींचं चालणं झालं की मुकादम गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसत आणि दुपारपर्यंत कोंब उपटत. संध्याकाळी जागा साफ. दोन दिवसांनी त्याच जागी कोंब हरळीच्या वर उभे, आणि आधी एक होता तिथे तीन. वर उपटला की खालची गाठ जागी होते, आणि तिच्या धाग्यावरच्या बाकीच्या गाठीही. कुणी मीठ टाकायला सांगितलं. मिठाने हरळी पिवळी पडून मेली, लव्हाळा दोन दिवस रुसला आणि परत आला. पण नुसतंच गवतात गवत असतं तर मुकादमांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. लव्हाळा हरळीसारखा पसरत नाही, सुटा सुटा उभा राहतो. तो जिथे शिरला तिथली हरळी विरळ झाली, आणि दोन कोंबांच्या मध्ये उघडी माती आणि मातीतून डोकावणारा कातळ दिसू लागला. कापला तर बुडखे तळव्याला टोचत. वयनी अशा जागेपाशी आल्या की त्यांचा पाय थांबे, अंग थरथरे, आणि त्या वळसा घालून जात.

एका दुपारी मी तिथे बसले होते. मुकादमांनी उकरलेल्या गाठींतली एक वयनींनी उचलली, दातांनी फोडली आणि हुंगली. मग माझ्या नाकाशी धरली. सुंदर वास होता. "नागरमोथा," त्या म्हणाल्या. "दिवाळीला आई उटण्यात घालायची. अवो, वैद्याला विचारा, घेतो का. शेती करू." मुकादमांनी गाठ त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दगडाने ठेचली. विनोद कळत नव्हता असं नाही. त्यांच्याकडे त्याला जागाच उरली नव्हती.

शिमगा झाला आणि त्यांनी राब भाजायचं ठरवलं. कोकणात भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, वाळक्या पानांचा पातेरा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून आग लावतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. बापजाद्यांपासून सगळे हेच करत आलेले. हिरवळीचा जो अर्धा भाग लव्हाळ्याने धरला होता तो असाच भाजायचा ठरला. शेजाऱ्यांनी टोपल्या भरभरून पातेरा आणून दिला. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही. आग लावली तेव्हा वयनी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. मुकादमांचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी सैलावला होता. ते मला म्हणाले, "आता बघा बाई. बी शिल्लक रवायचा नाय."

पण लव्हाळा बियावर जगतच नव्हता. त्याच्या गाठी वीतभर खाली थंड मातीत होत्या. वरची हरळी जळाली, आणि त्यांना वर मोकळं रान आणि राखेचं खत मिळालं.

पाऊस पडून चार दिवस झाले असतील. सकाळी वयनींची हाक ऐकू आली. "उगावला! अवो, उगावला!" मी धावत गेले. काळ्या राखेतून हिरवेगार कोंब आले होते, दाट, जिकडेतिकडे. वयनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुकादम विहिरीकडून आले. वाकले. एक कोंब खुडून बोटांत फिरवला. मग दुसरा, मग दूरवरचा तिसरा. मग ते राखेतच बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या. मी त्याआधी आणि त्यानंतर पुरुषमाणसाला असं करताना पाहिलेलं नाही. तो लव्हाळा आहे हे वयनींना कळलं नाही, की कळूनही त्या तसं बोलल्या, मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "हिरवा हाय ना? असू दे ना मग."

त्या पावसाळ्यात मुकादम खणत होते. जिथे कोंब दिसेल तिथे कुदळ घालून कातळापर्यंत. खणलेल्या जागेत हरळीची काडी लावायची, ती धरायच्या आत शेजारून लव्हाळा आत येई, की परत कुदळ. राहिलेल्या अर्ध्या हिरवळीलाही अशीच भोकं पडत गेली. वयनींच्या वाट्याला भिंतीकडेची एक पट्टी उरली, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढी अरुंद. तीवरच त्या जाऊन येऊन करत. मुकादम त्यांच्यासाठी खणत होते, आणि मारलेली प्रत्येक कुदळ त्यांच्या पायाखालची जमीन कमी करत होती. हे मला दिसत होतं, सगळ्या आळीला दिसत होतं. मी ते त्यांना तोंडावर सांगितलंही.

"मुकादम, अर्धं राहू द्या. तण तर तण. त्यांना चालायला जागा लागते, तुम्हाला जिंकायला नाही."

ते म्हणाले, "बाई, खाली तो असताना वर चालवू तिला? आणि पाय अडकून परत तोंड फोडून घेतलान तर? मग उठंल ती?"

तशी ती उठली नसती, हे मलाही माहीत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शेवटचं ठरवलं. सगळी हिरवळ काढायची, ती पट्टीसुद्धा. सगळी माती कातळापर्यंत उचलायची, खडीच्या चाळणीतून चाळायची, गाठ न् गाठ वेचायची, आणि माती उन्हात तापवून परत घालायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी वयनींना चिडलेलं पाहिलं. बोलणं सैल, त्यात राग, शब्द धड फुटत नव्हते.

"आणि मी? मी कुठं चालू?"

"एक उन्हाळा गो. पाऊस पडला की लावतो. तवर मी धरून चालवतो घरात."

"पट्टी तरी ठेवा."

"पट्टीतनाच परत येतो तो. समदा काढल्याबिगर जायचा नाय."

"नको जाऊ दे! कोण म्हणतो जा म्हणून?"

मुकादम वयनींपुढे बसले आणि त्यांचा तो लुळा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. तोवर माझ्यादेखत त्यांनी बायकोला हात लावलेला नव्हता. चालतानाही ते लांब बसत. "एक उन्हाळा," ते म्हणाले. "सपत घेतो." वयनींनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी गेली.

तो वैशाख मला आठवतो. तापलेल्या कातळावर माती पातळ पसरलेली आणि तिच्यात मुकादम दिवसभर ओणवे. "मुकादम तांदूळ निवडतायत," असं म्हणत माणसं कुंपणाबाहेर थांबून हसत. उन्हात पडलेल्या गाठी सुरकुतून कोळशासारख्या होत. त्यांचा एक ढीग झाला होता, आणि सबंध परसाला उटण्याचा वास येत होता. सकाळी आणि संध्याकाळी ते हातपाय धुऊन आत जात आणि वयनींना धरून खोलीत फिरवत. उंबरठ्याशी फेरी संपे.

पाऊस आला. माती परत घातलेली होती. मुकादमांनी हरळी लावली नाही. आधी बघू, काही उगवतंय का, म्हणाले. पंधरवड्याने उगवलं. सबंध परसात थोडेसे कोंब, दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. कुणीही दुसरा माणूस ते काढून हरळी लावून मोकळा झाला असता. मुकादमांनी प्रत्येक कोंबाभोवती माती काढून परत चाळली, आणि वाट बघितली. मग आणखी दोन आले. आषाढ गेला, श्रावण गेला. लावणीचा हंगाम निघून गेला. मी एकदा भर पावसात कुंपणाशी उभी राहून त्यांच्यावर ओरडले. हरळी लावा, नाहीतर मी लावते! ते म्हणाले, "अजून एक हाय कुठंतरी." त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू, तो राग अजून गेलेला नाही.

त्याच श्रावणात वयनींना हिवताप आला. ताप उतरायला महिना लागला. बिछान्यावरून उठल्या तेव्हा उजवा पाय गुडघ्यात दुमडला तो सरळ होईना. मुकादम रोज तेल चोळत. पाय थोडा सरळ व्हायचा, हात काढला की परत दुमडायचा. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी दारातून परत जाताना मान हलवली ती मी माझ्या खिडकीतून पाहिली. मुकादम त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले, आणि डॉक्टर दिसेनासे झाले तरी तिथेच उभे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात एकही कोंब आला नाही. मुकादमांनी हरळी लावली. कार्तिकापर्यंत ती अशी धरली की साहेबाच्या बंगल्यात नसेल. सगळीकडे एकसारखी, मऊ, एक पान वेगळं नाही. कुंपणाबाहेर हसणारी माणसं आता आत येऊन बघत आणि शाबासकी देत. मुकादम ती ऐकून घेत. एकदाही त्यांनी कुणाला आपण काय काय केलं ते सांगितलं नाही.

मार्गशीर्षात माझी बदली झाली. सामान बांधून झालं, गाडी संध्याकाळची होती. निरोप घ्यायला गेले तेव्हा मुकादम वयनींना उचलून बाहेर आणत होते. त्यांनी हिरवळीच्या कडेला लाकडी खुर्ची ठेवली, तीत वयनींना बसवलं, आणि खाली बसून त्यांची पावलं एकेक करून गवतावर टेकवली. उजवं टेकेना. ते त्यांनी हाताने दाबून धरलं.

"लागतो का गार?" त्यांनी विचारलं.

"लागतो," वयनी म्हणाल्या.

"उठतेस? मी धरतो. एकच पाऊल."

वयनींनी गवताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पायांना नाय आठवत आता." रागाने नाही, तक्रारीने नाही; दळण संपलं हे सांगावं तसं. मुकादमांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मला तिथून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

वयनींनी डावा हात त्यांच्या डोक्यावरच्या पंच्यावर ठेवला.

"तुमी चाला," त्या म्हणाल्या. "मी बघते."

"मी?"

"मग काय गुरांना ठेवलाय ह्या गवत? चाला."

इतक्या वर्षांत मुकादम त्या हिरवळीवर कधी चालले नव्हते. काम करायचं तर गोणपाट टाकून, नाहीतर कडेने. ते उठले, पंच्याने तोंड पुसलं, आणि आपले ते डांबराचे तळवे गवतावर ठेवून चालू लागले. जरा अवघडल्यासारखे. वयनी खुर्चीतून त्यांच्या पावलांकडे बघत होत्या. मी फाटक लोटून बाहेर पडले आणि वळून पाहिलं तेव्हा ते पलीकडच्या टोकाला पोचले होते. तिथून परत फिरताना त्यांनी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं, बरोबर चाललो ना, असं विचारल्यासारखं.